ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे दाणे मिसळल्यावर ते कमी का झिजतं, आणि कधी झिजतंच

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये ॲल्युमिनियमचा पार्ट हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. तोच पार्ट बीडाचा असता तर उचलताना दुसरा हात लावावा लागला असता. बीडाची घनता घनसेंटीमीटरला ७.२ ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता भराभर बाहेर टाकतं, गंजत नाही म्हटलं तरी चालेल, आणि ६६० अंशांना वितळत असल्यामुळे ओतकामाला सोपं. एवढे गुण असताना गाड्यांच्या ब्रेकच्या चकत्या बहुतेक ठिकाणी अजून बीडाच्याच का? कारण घासण्याचं काम आलं की ॲल्युमिनियम मार खातं. त्याच्यावर ओरखडे उठतात, ते समोरच्या पोलादाला चिकटतं, त्याचे लचके निघतात.

यावरचा एक उपाय म्हणजे वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिरॅमिकचे बारीक दाणे मिसळायचे आणि मग साच्यात ओतायचं. या पदार्थाला कॉम्पोझिट म्हणतात. दाणे बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनाचे (म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे), कधी बोरॉन कार्बाइडचे. यातला सिलिकॉन कार्बाइड आपल्याला अनोळखी नाही. ग्राइंडिंग व्हीलमध्ये आणि वॉटर पेपरवर जो काळा किंवा हिरवट दाणा असतो, तोच हा. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत तो मिळाला आणि कार्बोरंडम हे नाव त्यानेच दिलं. कठीणता सांगणाऱ्या मोह्सच्या मोजपट्टीवर हिरा १०, हा दाणा ९ च्या वर, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ३ च्याही खाली.

घनफळाच्या हिशेबात शंभरात दहा भाग असे दाणे घातले, तरी घनता २.७ वरून जेमतेम २.७५ होते. म्हणजे हलकेपणा राहतो आणि कठीणपणा वाढतो. इथवर सगळे मान डोलावतात. ‘कठीण दाणा घातला, मग झीज कमी होणारच’ असं म्हणून विषय संपवतात. पण विषय खरा सुरू होतो तो इथून. झीज किती होईल हे दाणा किती कठीण आहे यापेक्षा धातूने तो किती घट्ट धरलाय आणि समोरून कोण घासतंय यावर जास्त ठरतं. या दोन गोष्टी नीट कळल्या की या विषयावरच्या शोधनिबंधांत परस्परविरोधी वाटणारे निष्कर्षही एकमेकांशी भांडेनासे होतात.

घासताना नेमकं काय होतं

कितीही गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली तो उंचसखलच असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो, तिथला धातू दबतो, वरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फाटतो आणि उघडा धातू समोरच्या धातूला चिकटतो. पृष्ठभाग पुढे सरकला की तो सांधा तुटतो. तो बहुतेक वेळा मऊ बाजूने तुटतो, आणि ॲल्युमिनियमचा कण पोलादावर राहतो. ही झाली चिकटून होणारी झीज. दुसरा प्रकार खरवडण्याचा: कठीण कण मध्ये आला किंवा समोरचा पृष्ठभागच खरखरीत असला की तो मऊ धातूत चर पाडत जातो. तिसरा प्रकार माऱ्याचा: पाण्याबरोबर किंवा हवेबरोबर येणारी वाळू पृष्ठभागावर आदळत राहते.

ब्रिटिश अभ्यासक आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये झिजेचं एक साधं सूत्र मांडलं, जे आजही वापरात आहे. झिजलेलं घनफळ हे भार आणि घासलेलं अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतं आणि मऊ बाजूच्या कठीणतेच्या प्रमाणात कमी होतं. भार दुप्पट केला तर झीज दुप्पट, कठीणता दुप्पट केली तर झीज निम्मी. पण या सूत्रात मागे एक गुणांक बसलेला आहे, झीज-गुणांक, आणि पदार्थांची जोडी किंवा वंगण बदललं की तो हजारो पटींनी बदलू शकतो. कठीणता दीडपट करण्यासाठी जीव काढायचा आणि हजारो पटींनी हलणाऱ्या गुणांकाकडे पाहायचंच नाही, हे मला पटत नाही. दाण्यांची खरी कामगिरी या गुणांकावर आहे.

आपल्याकडचा कुठलाही डांबरी रस्ता डोळ्यांपुढे आणा. नुसतं डांबर अंथरलं तर उसाच्या पहिल्याच ट्रॉलीला त्यात चाकोऱ्या पडतील. खडी असते म्हणून चाकाचा भार खडीवर येतो आणि डांबर तिला जागेवर धरून ठेवतं. रस्ता चांगला असेल तर काही महिन्यांनी वरचं डांबर थोडं झिजून खडीचे माथे उघडे पडतात आणि मग पुढची झीज मंदावते. पण खडी धुळीने माखलेली असेल, डांबर तिला चिकटलंच नसेल, तर पहिल्या पावसात खडी सुटते. आणि सुटलेली खडी नुसती वाया जात नाही, चाकाखाली रगडली जाऊन उरलेला रस्ताही उखडते. कॉम्पोझिटमध्ये अगदी हेच घडतं. दाणे पक्के बसलेले असतील तर ते किंचित वर राहतात, भार पेलतात, आणि पोलादाला मधल्या मऊ ॲल्युमिनियमपर्यंत पोचू देत नाहीत. दाणा निसटला तर मात्र तोच कार्बोरंडमचा कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये फिरत राहतो, आणि झीज रोखण्यासाठी घातलेली वस्तू झीज वाढवते.

आता भार वाढवत नेला तर? एका मर्यादेपर्यंत दाणे टिकतात. त्यापुढे ते तडकतात, त्यांचे तुकडे होतात, खालचा धातू गरम होऊन मऊ पडतो आणि झीज एकदम उसळी घेते. साध्या मिश्रधातूतही अशी सौम्य झिजेतून तीव्र झिजेत जाण्याची सीमा असते. दाण्यांमुळे ती सीमा बऱ्याचदा जास्त भाराकडे ढकलली जाते. हा फायदा मोठा आहे, पण सीमा ओलांडल्यावर दाणे घातलेलं आणि न घातलेलं यांत फारसा फरक उरत नाही. म्हणून ‘या कॉम्पोझिटची झीज इतकी टक्के कमी’ असं वाक्य भार, वेग आणि समोरचा पदार्थ सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

कृष्णेचा गाळ आणि दाण्यांमधली फट

सांगली जिल्ह्यात झिजेबद्दल बोलायचं आणि पंपांबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि आज म्हैसाळ, टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजना कृष्णेचं पाणी पंपांनीच वर नेतात. पावसाळ्यात नदी गढूळ असते आणि तो गाळ पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकावर, घासत जातो. इम्पेलर कशाचाही असला तरी हा मार त्याला चुकत नाही. मग दाणेदार ॲल्युमिनियमचा इम्पेलर का नको, असा प्रश्न साहजिक आहे.

थोडं गणित करू. दाणे ६० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहेत, घनफळात १० टक्के आहेत आणि सगळीकडे सारखे पसरलेत असं धरलं, तर दोन शेजारच्या दाण्यांमधली मोकळी फट सरासरी ४५ मायक्रॉनच्या आसपास येते. नदीचा गाळ म्हणजे साधारण ६० मायक्रॉनच्या आतले कण. यातले कितीतरी कण त्या फटीत आरामात शिरतात. आपला काळा पाषाण बसाल्टचा, त्यातल्या खनिजांची कठीणता मोह्सच्या पट्टीवर ५ ते ६, अधूनमधून येणाऱ्या गारगोटीची ७. सिलिकॉन कार्बाइडला यांपैकी कुणी ओरखडासुद्धा काढू शकत नाही. पण त्याची गरजच नाही. गाळाचा कण दाण्याच्या अंगाला हात न लावता भोवतीचं मऊ ॲल्युमिनियम कुरतडतो, दाण्याचा पाया मोकळा होतो, आणि दाणा अखंडच्या अखंड निघून जातो.

दाणे २० मायक्रॉनचे घेतले, टक्केवारी तीच ठेवली, तर फट १५ मायक्रॉनवर येते आणि बारीक गाळालाही शिरायला जागा कमी राहते. पण मग जाड वाळू आली तर ती एका ओरखड्यात दाण्यासकट धातू उचलून नेते. घासणाऱ्या कणाच्या चराची खोली दाण्याच्या आकाराएवढी झाली की दाण्याचा उपयोग संपतो. त्यामुळे खरवडणाऱ्या झिजेत बहुधा मोठे दाणे जास्त टिकतात. समोर काय येणार हे माहीत असल्याशिवाय दाण्याचा आकार ठरवता येत नाही तो असा.

माऱ्याचं गणित आणखी वेगळं. वाळू तिरकी घसटत गेली तर कठीण दाणे मदत करतात. वाळू सरळ समोरून आदळली तर मऊ धातू दबून धक्का पचवतो, पण ठिसूळ दाणा तडकतो. म्हणून सरळ माऱ्यात कॉम्पोझिट साध्या मिश्रधातूपेक्षाही वाईट ठरू शकतं. इम्पेलरमध्ये पाणी दोन्ही प्रकारे येतं. त्यातच दाणा आणि धातू यांच्या सीमेवर पाण्यात खड्डे पाडणारं क्षरण सुरू होऊ शकतं. उपसा योजनेच्या पंपाला हा पदार्थ सुचवायला मी तयार होणार नाही. कोरडं घर्षण, बेताचा भार, वजन कमी करण्याची निकड: याची जागा तिथे आहे.

भट्टीपाशी

आता दाणे धातूत घालायचे कसे ते पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे. सगळ्यात स्वस्त आणि लहान फाउंड्रीला झेपणारी पद्धत म्हणजे ढवळून ओतणं, स्टर कास्टिंग. क्रुसिबलमध्ये, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, एलएम२५ सारखा सिलिकॉनयुक्त मिश्रधातू ७०० ते ७५० अंशांना वितळवायचा, पंखा फिरवून मध्ये भोवरा करायचा आणि त्यात दाणे सोडायचे.

पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो. पावडर थंडच ओतली तर ती आत जातच नाही. धातूवर राखाडी साय धरल्यागत तरंगत राहते, ढवळलं की गोळे होऊन काठाला येते, आणि मळीबरोबर बाहेर काढावी लागते. वितळलेलं ॲल्युमिनियम सिरॅमिकला सहजासहजी भिजवत नाही, कारण त्याच्यावर ऑक्साइडची कातडी असते आणि दाण्यांवर हवा आणि ओलावा बसलेला असतो. यासाठी दाणे आधी कित्येक तास तापवतात आणि धातूत साधारण एक टक्का मॅग्नेशियम घालतात, त्याने भिजवण सुधारते. सिलिकॉन कार्बाइड हजार अंशांच्या वर हवेत तापवलं तर त्यावर सिलिकाचा पातळ थर येतो, तोही धरून ठेवायला मदत करतो.

तापमान वाढवलं की भिजवण चांगली होते, म्हणून काही जण भट्टी चढवतात. हा मोह टाळायला हवा. जास्त तापमानाला ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडशी क्रिया करतं आणि सीमेवर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि पाण्याशी संबंध आला की मिथेन सोडत विरघळतं. म्हणजे ज्या जागी पकड सगळ्यात घट्ट हवी, नेमकी तीच जागा कुजते. मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असेल तर ही क्रिया मागे रेटली जाते. ओतकामाच्या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूंना इथे पसंती मिळते त्याचं एक कारण हे.

दाणे आत गेले तरी काम संपत नाही. सिलिकॉन कार्बाइडची घनता ३.२, वितळलेल्या ॲल्युमिनियमची २.४ च्या आसपास. ढवळणं थांबलं की दाणे बुडू लागतात. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्राने ६० मायक्रॉनचा एकटा दाणा सेकंदाला साधारण १.२ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे २० सेंटीमीटर खोल क्रुसिबलच्या तळाशी तीन मिनिटांच्या आत. २० मायक्रॉनच्या दाण्याला त्याच अंतराला पंचवीस मिनिटं लागतात. गर्दीत दाणे एकमेकांना अडवतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. तरी ढवळून झाल्यावर चहाला गेलात तर वर साधा मिश्रधातू आणि तळाशी दाण्यांचा गाळ उरेल. साच्यात थिजतानाही अडचण आहेच: धातूचे स्फटिक वाढत जाताना दाण्यांना पुढे ढकलतात, आणि सगळ्यात शेवटी थिजणाऱ्या जागी दाण्यांची दाटी होते. भराभर थंड केलं तर ही दाटी कमी. भोवऱ्याबरोबर आत ओढली गेलेली हवा छिद्रं करते ती वेगळीच. झिजेत पहिला तडा अशाच पुंजक्यापाशी किंवा छिद्रापाशी जातो.

पिन, चकती आणि तराजू

झीज मोजायची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे पिन-ऑन-डिस्क. कॉम्पोझिटची पिन कठीण पोलादाच्या फिरत्या चकतीवर ठरलेल्या भाराने दाबायची. पिन चकतीच्या मध्यापासून ५० मिलिमीटरवर ठेवली आणि वेग सेकंदाला एक मीटर ठेवला, तर एक किलोमीटर घासायला सतरा मिनिटं लागतात. चाचणीआधी आणि नंतर पिन ॲसिटोनने धुऊन अचूक तराजूवर तोलायची. समजा १० मिलिमीटर व्यासाच्या पिनचं ५ मिलिग्रॅम वजन घटलं, तर उंचीत ती २४ मायक्रॉनच्या आसपास झिजली. घराघरातल्या जर्मनच्या पातेल्याचा पत्राही यापेक्षा कितीतरी जाड असतो. इतक्या बारीक फरकावर निष्कर्ष उभे राहत असल्याने काळजी घ्यावी लागते.

चाचणीनंतरची पिन भिंगाखाली नक्की पाहावी. साध्या मिश्रधातूच्या पिनवर चमकदार, फाटलेले चर दिसतात. चांगल्या कॉम्पोझिटच्या पिनवर ठिकठिकाणी गडद, लालसर-काळपट पापुद्रा दिसतो. उघडे पडलेले दाणे पोलादाची चकती कातरतात, ते लोखंड ऑक्साइड होऊन ॲल्युमिनियमच्या कणांत मिसळतं आणि पिनवर लेपासारखं दाबलं जातं. हा मिश्र थर कठीण असतो आणि पिनचं रक्षण करतो. पण त्या थरातलं लोखंड चकतीचं आहे! पिनचं वजन कमी घटलं म्हणून आपण खूश, आणि चकती मात्र चर पडून बसलेली. क्वचित पिनचं वजन घटण्याऐवजी वाढतंसुद्धा. म्हणून चकतीही तोलली पाहिजे, हे मी कळकळीने सांगतो. ज्या अहवालात चकतीच्या झिजेचा आकडा नाही, तो मी अर्धाच वाचलेला समजतो.

गाड्यांच्या इतिहासात ही जोडीची गोष्ट फार स्पष्ट दिसते. शेवरलेच्या व्हेगा गाडीत १९७१ च्या मॉडेलपासून १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा इंजिन ब्लॉक होता. बाहेरून दाणे घातलेले नव्हते, थिजताना मिश्रधातूतूनच सिलिकॉनचे कठीण स्फटिक तयार होत. सिलिंडरची भिंत रसायनाने किंचित खाऊन ते स्फटिक वर उघडे ठेवले जात. आणि समोरच्या ॲल्युमिनियम पिस्टनला लोखंडाचा मुलामा द्यावा लागला, कारण जोडी जमायला हवी होती. १९८३ मध्ये टोयोटाने डिझेल इंजिनच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिकचे तंतू घातले, जिथे झीज जास्त तिथेच. १९९६ च्या लोटस एलिसला सुरुवातीला सिलिकॉन कार्बाइडयुक्त ॲल्युमिनियमच्या ब्रेकच्या चकत्या होत्या. गाडी अगदी हलकी होती म्हणून ते चाललं. जड गाडीच्या ब्रेकला येणारं तापमान ॲल्युमिनियमला झेपत नाही, बीड तिथे निवांत राहतं.

समोरच्याला कमी इजा व्हावी म्हणून दाण्यांसोबत ग्रॅफाइटही घालतात, ते कोरडं वंगण होतं. ॲल्युमिनियममध्ये ग्रॅफाइट मिसळण्याचं सुरुवातीचं काम १९६० च्या दशकात प्रदीप रोहतगी या भारतीय धातुशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलं. पुढे बंगळुरू आणि तिरुवनंतपुरम इथे त्यांनी हा विषय वाढवला. औष्णिक वीज केंद्रातली राख ॲल्युमिनियममध्ये घालण्याचं कामही त्यांचंच.

लेथवर आणल्यावर

कॉम्पोझिट टर्निंगला घेतलं की टर्नर पहिल्या काही मिनिटांतच तक्रार करतो, आणि त्याची तक्रार रास्त असते. टूल प्रत्येक फेरीत कार्बोरंडमच्या दाण्यांवर आपटतं, टूलच्या टोकाला बसवलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टची धार बघता बघता बसते. पीसीडी, म्हणजे हिऱ्याचं टूल लागतं, आणि त्याची किंमत लहान शॉपला जड जाते. म्हणून आकार होता होईल तो ओतकामातच पूर्ण करायचा आणि मशिनिंग कमीत कमी ठेवायचं. ड्रिलिंग आणि टॅपिंग असेल तर डिझाइन करतानाच विचार व्हावा. हा पदार्थ आपल्या एमआयडीसीत सर्रास न दिसण्याचं मोठं कारण मला हा खर्चच वाटतो.

आपल्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मात्र यात करण्यासारखं खूप आहे. सांगली-साताऱ्यात साखर कारखाने आहेत, बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतं आणि सिलिकायुक्त राख उरते. ही राख ॲल्युमिनियममध्ये घालून पाहण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत. राख स्वस्त आहे, हलकी आहे. पण ती सिलिकॉन कार्बाइड नाही हे लक्षात ठेवून काम करावं. तिच्यात न जळलेला कार्बन असतो, तो आधी भट्टीत जाळून काढावा लागतो, आणि नंतर चाळणीने आकार वेगळे करावे लागतात. शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यातून ॲल्युमिना आणि सुटं सिलिकॉन तयार होतं. ते सिलिकॉन मिश्रधातूतच मिसळतं, त्यामुळे कठीणता वाढली तर ती राखेच्या दाण्याने वाढली की सिलिकॉनने, हे वेगळं काढावं लागतं. ढवळण्याने आणि मॅग्नेशियमनेही धातू बदलतोच. तेव्हा तुलनेसाठी साध्या पिंडाचा तुकडा घेऊ नये. तोच मिश्रधातू, तेवढंच मॅग्नेशियम, तेवढाच वेळ ढवळून, त्याच साच्यात, फक्त राख न घालता ओतावा आणि त्याची पिन करावी. क्रुसिबलच्या वरून, मधून आणि तळातून वेगवेगळे नमुने घेऊन त्यांची घनता मोजली, तर दाणे कुठे बसले आणि छिद्रं किती राहिली हे झीज मोजण्याआधीच कळतं.